उरलेला पाय

१

माणसाचा पाय सकाळी भरलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत ओसरतो. धडधाकट माणसाला हे कळतही नाही. फार तर बूट जरा सैल लागतो. पण गुडघ्याखाली कापल्यावर जो उरतो, तो पाय दिवसभर नकली पायात दाबला जाऊन घेरात चांगला पाऊण सेंटिमीटर उतरतो. म्हणून त्याचा साचा घ्यायचा तो सकाळी, कॉफीच्याही आधी. कोपावोगुर गावाच्या बंदरामागं, मासळीच्या शीतगृहाला लागून असलेल्या त्या लहानशा कार्यशाळेत नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच शिकवत.

प्लास्टरचं तसं नसतं. प्लास्टर एकदा घट्ट झालं की झालं. म्हणून तर उरलेल्या पायाची प्लास्टरमध्ये हुबेहूब नक्कल करायची आणि तिच्यावर बेतून सिलिकॉनचा मऊ, जाड मोजा ओतायचा; कातडी आणि नकली पायाचं कडक कवच यांच्या मध्ये घालायचा.

हेर्दिसनं पेन्सिलच्या खुणेवर फीत पुन्हा एकदा लावली. एकतीस सेंटिमीटर सहा. वहीत सकाळचा आकडा तिच्याच अक्षरात होता: बत्तीस चार.

"वालुर, प्लास्टर आकसतं का रे?"

वालुर भट्टीपाशी सिलिकॉन ढवळत होता. साठीला टेकलेला गडी, अर्धं आयुष्य याच टेबलापाशी गेलेलं. "लोकरीचं असलं तर आकसतं. गरम पाण्यात धुतलंस का?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मग दमला असेल. कॉफी पाज त्याला. आणि स्वतःही घे. डोळे बघ तुझे."

डोळ्यांचं खरं होतं. सात महिन्यांची लोआ रात्रीतून चारदा उठायची, आणि ती उठली नाही तर हेर्दिस उठायची, श्वास चालू आहे ना ते बघायला. लोआचा बाप मासेमारीच्या ट्रॉलरवर, नाताळाआधी घरी यायचा नव्हता. मागच्या आठवड्यात शेगडी बंद आहे ना, हे हेर्दिसनं एका रात्रीत नऊ वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी ती शेगडी लावलेलीच नव्हती.

अशा बाईनं स्वतःच्या आठ मिलिमीटरवर किती विश्वास ठेवायचा? तिनं फीत बदलून पाहिली. एकतीस सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टर पुन्हा बत्तीस चार होतं.

२

ते प्लास्टर होस्कुल्दुरचं होतं. पश्चिमेकडच्या खाड्यांमधला दर्यावर्दी; वीस वर्षांपूर्वी जाळं ओढायच्या यंत्रात त्याचा उजवा पाय गेला. त्याचा आधीचा मोजा हेर्दिसनंच केला होता, गेल्या एप्रिलमध्ये, लोआच्या वेळी आठवा महिना असताना. त्या दिवशी विमान उशिरा आलं, चार वाजून गेले, तिची कंबर मोडून आली होती. 'सकाळी ये' म्हणायच्या ऐवजी ती म्हणाली, 'चल, उरकून टाकू.' ओसरलेल्या पायाचा साचा, आणि त्याच मापाचा मोजा. मग तो रोज सकाळी भरलेल्या पायाला आवळत राहिला. होस्कुल्दुर कुरकुर करणाऱ्यांतला नव्हता. ऑक्टोबरात त्याच्या बायकोनं धुवायला म्हणून मोजा उलटा केला, तेव्हा आत रक्त होतं.

आता डॉक्टरनं मुदत घातली होती. नाताळापर्यंत जखम भरायला लागली नाही, तर पाय गुडघ्याच्या वरून कापायचा. ज्याचा गुडघा उरतो तो चालतो, होडीत चढतो. गुडघा गेलेल्या साठीच्या माणसाचं काय होतं, हे हेर्दिसनं दहा वर्षं पाहिलं होतं. नोव्हेंबरात, सकाळी साडेआठला, तिनं नवा साचा घेतला होता. चुकीची भरपाई म्हणतात ती हीच.

शुक्रवारी होस्कुल्दुर पहिल्या विमानानं यायचा होता. सिलिकॉनला भट्टीत एक रात्र लागते. म्हणजे गुरुवारी दुपारी तीनपर्यंत प्लास्टर घडवून तयार हवं.

घडवणं सोपं असतं. जिथं मांस सोसतं तिथं घासायचं, जिथं हाड किंवा जखम आहे तिथं भर घालायची. सोमवारी एक वाजता तिनं लोआला दूध पाजलं, लोकरीत गुंडाळलं आणि बाबागाडीत घालून खिडकीबाहेर आडोशाला ठेवलं. उणे तीन होतं, वारा नव्हता. इथं मुलांना दुपारी बाहेरच झोपवतात; अशा हवेत ती छान झोपतात. बाबागाडीतला आवाज आत ऐकवणारा छोटा रेडिओ तिनं टेबलावर ठेवला. त्यातून लोआचा श्वास येत होता, लाटेसारखा. हेर्दिसनं प्लास्टर लोखंडी पकडीत आवळलं, कानस घेतली, आणि गुडघ्याच्या वाटीखाली, जिथं भार घ्यायला जागा करायची असते तिथं, पहिला हात मारला.

रेडिओतून किंकाळी आली.

ती धावली. बाबागाडीत लोआ लालबुंद होऊन रडत होती. ओलं नव्हतं, भूक नव्हती. उजवा पाय पोटाशी घेतलेला. हेर्दिसनं तिला छातीशी धरलं, एका मिनिटात ती शांत झाली आणि झोपली.

हेर्दिस आत आली. कानस उचलली. दुसरा हात मारला.

३

मुलं रडतात. हे वाक्य तिला आईनं, सुईणीनं, तपासायला येणाऱ्या नर्सनं आणि फोनवरून नवऱ्यानंही सांगितलं होतं. मंगळवारी दुपारपर्यंत तिनं सात वेळा कानस चालवली होती आणि लोआ सात वेळा रडली होती. शाळेत हेर्दिस गणितात हुशार होती. सातात सात म्हणजे काय, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिनं आठवा प्रयोग दुसऱ्याच कुणाच्या प्लास्टरवर केला. एका सायकलवाल्या बाईचा पाय होता, शेल्फवरचा. घास घास घासला. रेडिओत लाट येत होती, जात होती.

मग होस्कुल्दुरचं प्लास्टर. कानस नाही, नुसतं नख ओढलं.

रेडिओत हुंदका.

आता काहीतरी कारण शोधायलाच हवं होतं, आणि कारण शोधताना तिला ती सकाळ आठवली. साचा घेताना लोआ किरकिरत होती म्हणून हेर्दिसनं तिला कडेवर घेतलं होतं. प्लास्टर नुकतं कालवलेलं, दुधासारखं, बादलीत. लोआनं लाथ झाडली आणि तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत बादलीत गेला. लगेच काढला, कोमट पाण्यानं धुतला. होस्कुल्दुर पोट धरून हसला होता. "राहू दे, पोरी! आता यातला अर्धा हिचा." तेच प्लास्टर तिनं साच्यात ओतलं. दुसरं कालवायला हवं होतं का? त्यात काय बिघडलं असतं? पण हसण्याच्या भरात कोण दुसरं कालवतं.

तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. ओल्या प्लास्टरमध्ये बाळाचा पाय बुडवणारी आई, असं एखाद्या नर्सच्या वहीत लिहिलं जायला नको होतं.

संध्याकाळी निघायच्या आधी तिनं वालुरला म्हटलं, "एकदा तू माप घे ना याचं. वहीत बघू नकोस."

वालुरनं कपाळावरचा चष्मा तसाच कपाळावर ठेवून फीत लावली. "बत्तीस चार."

"नीट बघ."

"बत्तीस चार. तीस वर्षं फीत धरतोय मी." त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "घरी जा, हेर्दिस. झोप."

तो गेल्यावर तिनं मोजलं. एकतीस सहा. चष्मा न लावता सांगितलेला आकडा खरा मानायचा, की न झोपलेल्या बाईचा?

४

बुधवारी सकाळी होस्कुल्दुरचाच फोन आला.

"शुक्रवारचं पक्कं ना, पोरी?"

"पक्कं. विमान उडालं तर."

"हो," तो म्हणाला, श्वास आत ओढत. त्याच्याकडचे म्हातारे 'हो' असंच म्हणतात. शब्द बाहेर न सोडता गिळल्यासारखा. "जखम आहे तशीच आहे. बायको रोज शिव्या घालते. मला नाही, तुला."

"घालू दे. मला लागू आहेत त्या."

"पण एक सांगतो, हसू नकोस. माझा अंगठा थांबला."

तिला ठाऊक होतं कुठला अंगठा. नसलेल्या पायाचा. यंत्रानं पिळला होता तसाच तो वीस वर्षं पिळत राहिला होता. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. होस्कुल्दुर रात्री उठून रिकाम्या पांघरुणावर बुक्क्या मारायचा, असं त्याच्या बायकोनं एकदा सांगितलं होतं.

"कधीपासून?"

"तू साचा घेतलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. काय केलंस तू? काहीतरी केलंस खरं. मी बाळासारखा झोपतो. खरंच, बाळासारखा, झोपेत तोंडाला दुधाची चव येते. या वयात!" तो हसला. "माझा गुडघा वाचव, पोरी. तेवढा वाचव. बाकी तुला सगळं माफ."

"हो," हेर्दिस म्हणाली.

फोन ठेवून तिनं लोआचे मोजे काढले. डावा पाय मऊ, बोटं फुललेली. उजव्याचा अंगठा आत वळलेला होता, बाकीच्या बोटांखाली, घट्ट. तिनं तो सरळ केला. तो पुन्हा वळला.

मुलांची बोटं वळतात. पुस्तकात लिहिलं होतं, पान क्रमांकासकट तिला आठवत होतं. दोन्ही पायांची वळतात की एकाच, हे लिहिलं नव्हतं.

५

त्या दुपारी तिनं घासलं नाही. वाटीभर प्लास्टर कालवलं आणि सोमवारपासून जेवढं घासून काढलं होतं तेवढं बोटानं परत भरलं. हळूहळू, मलम लावावं तसं. रेडिओतला श्वास लांब झाला. दीड वाजता लोआ झोपली ती अडीचलाही झोपलेली, तीनलाही. खिडकीबाहेरचा उजेड निळा पडायला लागला, आणि टेबलावर आडव्या प्लास्टरवरून हात फिरवत बसलेल्या हेर्दिसला पहिल्यांदाच, कितीतरी आठवड्यांत, बरं वाटलं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ते तिला माहीत होतं. ते कितीही गरम झालं तरी अर्ध्या तासात निवतं, हेही माहीत होतं. हे निवलं नव्हतं.

"सुखी आहेस ना गं?" ती पुटपुटली. लोआलाच म्हणाली ती. नक्कीच लोआला.

"हो," रेडिओतून आलं. श्वास आत ओढून.

ती बाहेर कशी पोचली ते तिला आठवत नाही. लोआ गाढ झोपेत होती, तोंड किंचित उघडं, ओठांवर दूध वाळलेलं. आजूबाजूच्या बर्फावर हेर्दिसच्या पावलांखेरीज काही नव्हतं. शीतगृहाचा ट्रक मागं घेताना कुणीतरी ड्रायव्हरला हाका घालत होतं. तेच असेल. हे रेडिओ दुसऱ्यांचे आवाज पकडतात. मागं एकदा तिनं शेजाऱ्यांचं अख्खं भांडण ऐकलं होतं, मासा कुणी जाळला यावरून.

तिनं तरीही लोआला हलवून जागं केलं. शहाणी आई झोपलेलं मूल उठवत नाही, हे तिला माहीत होतं.

६

गुरुवारी सकाळी ती मुद्दाम उशिरा आली. मग विजेच्या बिलांची फाइल लावली, सिलिकॉनचे डबे तारखेनुसार रचले, दोन वेळा कॉफी केली. एक वाजता लोआला बाहेर झोपवलं. सव्वा वाजता वालुर तिच्या टेबलापाशी आला, होस्कुल्दुरचं प्लास्टर हातात घेतलं आणि उजेडाकडं धरलं.

"हे काय आहे?"

हेर्दिस रचलेले डबे पुन्हा सरळ करू लागली.

"मंगळवारी वाटीखाली खळगा होता, मी डोळ्यांनी पाहिला. आज नाही. भरलास तू." त्यानं अंगठा फिरवला. "चार दिवस तू एका हातानं घासतेस आणि दुसऱ्या हातानं भरतेस? आमच्या आजीनं स्वेटर विणला होता असा, रात्री उसवायची. तिला निदान वेड लागलंय हे सगळ्यांना माहीत होतं."

"मी उद्या नवा साचा घेते. सकाळी, तो आला की."

"पुन्हा उघड्या जखमेवर? आणि मोजा कधी, शनिवारी? सोमवारी डॉक्टर बघणार आहे त्याला. खळगा नसेल तर सगळा भार हाडाच्या टोकावर येतो, जखमेवर. हे मी तुला सांगायचं?" मग त्याचा आवाज उतरला, आणि ते जास्त वाईट होतं. "त्याचा गुडघा जाईल, हेर्दिस. दुसऱ्यांदा चूक, तीही तुझ्याच हातून. बाजूला हो. मी करतो. दहा मिनिटांचं काम आहे."

सांगता आलं असतं. तिनं वाक्य मनात जुळवूनही पाहिलं: याला घासलं की माझ्या मुलीला लागतं. वाक्य व्याकरणानं बरोबर होतं. पण ते कुणा दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं असतं, तर हेर्दिसनंच आधी त्या बाईच्या कडेवरचं मूल काढून घेतलं असतं.

आणि म्हाताऱ्याचा गुडघा. तोही खोटा नव्हता.

वालुरनं प्लास्टर पकडीत आवळलं. त्याचा हात तिच्यासारखा चाचपडणारा नव्हता. लांब, भरीव, सुताराचा हात. कानस एकदा वरून खाली आली.

रेडिओ ओरडला.

"जा, तुझी उठली," वालुर मान वर न करता म्हणाला. "मी आहे इथं."

ती धावत होती तेव्हा मागं दुसरा हात पडला, तिसरा पडला. बाहेर बाबागाडी स्प्रिंगांवर थरथरत होती. लोआ रडत नव्हती आता. दात नसलेल्या हिरड्या एकमेकींवर दाबून, डोळे मिटून ती सोसत होती. वीस वर्षं सवय असल्यासारखी. हेर्दिसनं तिथंच, थंडीत, दुलई काढली, लोकरीची विजार खाली ओढली, आतला पायमोजा सोडवला.

गुडघ्याच्या वाटीखाली तीन रेघा होत्या. बारीक, समांतर. रक्त नव्हतं. लाली नव्हती. रेघा पांढऱ्या होत्या, आणि तिनं वाकून फुंकर मारली तेव्हा त्यांतून पूड उडाली.

तिनं आपले हात पाहिले. तेही पांढरे होते. ते नेहमीच पांढरे असतात. तिनं आत्ताच तिथं बोटं लावली होती. लावली होती का? फुंकर मारायच्या आधी की नंतर? ती पुन्हा खाली बघणार होती, पण आतून कानशीच्या चौथ्या हाताचा आवाज आला, आणि तिनं लोआला उघड्या पायानिशी उचललं.

७

"थांब," ती दारातून म्हणाली.

वालुर थांबला. तिचा चेहरा पाहून कुणीही थांबलं असतं. "झालंच बघ. जरासं राहिलंय."

"खाली ठेव ती कानस."

"अगं, पोरीचा पाय उघडा आहे! गारठेल की ती..."

"कानस, वालुर."

त्यानं ठेवली. ती एका हातानं लोआला कडेवर सावरत आली आणि दुसऱ्या हातानं पकडीचा दांडा फिरवू लागली. दांडा घट्ट होता. होस्कुल्दुरचा हसरा आवाज तिला ऐकू येत होता, तेवढा वाचव, बाकी माफ. त्याच्या बायकोच्या शिव्याही. उद्या सकाळी दहाला तो या खुर्चीत बसेल, विजार गुंडाळेल आणि वाट बघेल. त्याला काय सांगायचं, ते नंतर. दांडा सुटला. प्लास्टर तिच्या हातात कलंडलं, जड, गरम. तिनं ते खांद्याशी घेतलं. मान न सावरणाऱ्या मुलाला घेतात तसं, तळव्यानं मागून आधार देत.

"कुठं नेतेस ते?" वालुर आता खरंच घाबरला होता. बोलला मात्र अगदी हळू, घोड्याशी बोलावं तसं. "ऐक, राणी. दोन्ही नाही झेपणार तुला. पडेल कुणीतरी. दे इकडं, एकाला मी धरतो."

त्यानं दोन्ही हात पुढं केले.

हेर्दिसनं झटकन अंग चोरलं, खांदा पुढं करून, पाठ अर्धी वळवून, जे जपायचं ते त्याच्या हातांपासून लांब नेत. कुठल्याही आईचं अंग असंच वळतं, त्याला विचार लागत नाही. वळून झाल्यावर तिला समोर वालुरचा चेहरा दिसला, आणि तो तिच्याकडं बघत नव्हता. तो लोआकडं बघत होता. लोआ त्याच्या बाजूला राहिली होती, कडेवरून निसटत, डोकं मागं कलंडलेलं, आणि हेर्दिसचे दोन्ही हात प्लास्टरला कवटाळून होते, एकही तिला सावरायला गेलेला नव्हता.